इमर्जन्सी एक्झिटची सीट आणि सीटचे जादा पैसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारव्ह्याला माझं झेरॉक्सचं आणि तिकिटांचं दुकान आहे. पीक विम्याचे अर्ज, सातबारा, रेल्वेचं रिझर्वेशन आणि आता विमानाची तिकिटं. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं आणि विचारपूस एकदम वाढली. कुणाचा पोरगा पुण्याला कंपनीत आहे, कुणाला टाटा हॉस्पिटलची तारीख मिळाली आहे. तिकीट काढेपर्यंत सगळं ठीक असतं. सीट निवडायचं पान आलं की घोडं अडतं.

व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. शक्यतो ज्यानं जसा विचारला तसाच प्रश्न ठेवला आहे. दर आणि रांगांचे नंबर कंपनीगणिक बदलतात, तेवढे तिकीट काढताना पडद्यावर पाहून घ्या.

१. भाऊ, तिकिटाचे पैसे देले, मंग सीटचे आणखी कायचे?

तिकीट म्हणजे तुम्हाला या गावाहून त्या गावी नेण्याचा करार. कुठली सीट, ते त्यात नसतं. विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, कंपन्यांना काही सेवा तिकिटापासून सुट्या करून विकायची मुभा दिली आहे. पसंतीची सीट, खाणंपिणं, चेक-इनचं सामान, वाद्यं नेणं अशा त्या सेवा. पण प्रवाशानं स्वतःहून मागितली तरच तिचे पैसे लावायचे, ही अट आहे. कंपनीनं आपणच खूण करून ठेवायची आणि तुम्ही ती शोधून काढायची, असं चालत नाही.

काही महागड्या भाड्यांत सीट आतच धरलेली असते. स्वस्तातल्या भाड्यात नसते.

२. सीट निवडलीच नाही तर उभ्यानं जावं लागते काय?

नाही हो, ही एसटी नाही! तिकीट आहे तिथं सीट आहेच. तुम्ही निवडली नाही तर चेक-इनच्या वेळी कंपनी देईल ती घ्यायची. बहुतेकदा मधली मिळते. नागपूर ते मुंबई दीड तासाचा प्रवास. दारव्ह्याहून नागपूरला पोचायला चार तास जीपमध्ये अंग आखडून बसणाऱ्या माणसाला दीड तासाची मधली सीट जड जाऊ नये.

कधीकधी कंपनी सीटांपेक्षा जास्त तिकिटं विकते आणि एखाद्याला जागाच उरत नाही. त्याचा तुमच्या सीट निवडण्याशी संबंध नाही, आणि त्याची भरपाई ठरलेली आहे. तासाभराच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं तर काही मिळत नाही. २४ तासांच्या आतल्या विमानात बसवलं तर मूळ भाडं आणि इंधन आकाराच्या दुप्पट, जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, जास्तीत जास्त २०,००० रुपये.

३. मोबाइलवर चेक-इन करतो तं सगळ्याच सीटवर पैसे दिसते. फुकटची कोठी हाय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि इथंच लोकांचे पैसे जातात. पडद्यावर निळे-पिवळे चौकोन, प्रत्येकावर आकडा. माणसाला वाटतं एक तरी घ्यावीच लागेल. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘स्किप’ किंवा ‘सीट न निवडता पुढे जा’ अशा अर्थाचं काहीतरी असतं. बोट तिथं न्यायचं.

बऱ्याच कंपन्यांचं वेब चेक-इन ४८ तास आधी उघडतं. एखादी कंपनी सीट न निवडता पुढे जाऊ देत नसेल तर भांडत बसू नका, विमानतळावर काउंटरवर बोर्डिंग पास घ्या. काउंटरवर बोर्डिंग पास देण्याचे वेगळे पैसे कंपन्यांनी घेऊ नयेत, असं केंद्राच्या विमान वाहतूक मंत्रालयानं जुलै २०२२ मध्ये सांगितलेलं आहे. फक्त काउंटर उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतो, एवढं ध्यानात ठेवा. बुटीबोरीच्या पुढे ट्रकांची रांग लागली होती, हे कारण तिथं कुणी ऐकत नाही.

४. इमर्जन्सी एक्झिटची सीट म्हणजे नेमकी कोणती?

संकटात बाहेर पडायच्या दाराला लागून असलेली रांग. नागपूरहून उडणारी बरीचशी विमानं एअरबस ए-३२० जातीची असतात. त्यांत चढण्या-उतरण्याच्या दारांशिवाय मध्यभागी, पंखांवर उघडणारी लहान दारं असतात, दोन्ही बाजूंना दोन-दोन. भारतात उडणाऱ्या पुष्कळ ए-३२० विमानांत १२ आणि १३ नंबरच्या रांगा त्यासमोर येतात. ए-३२१ आणि बोइंग विमानांत नंबर वेगळे. बेलोऱ्याच्या विमानाचं प्रकरण निराळंच आहे, ते प्रश्न १५ मध्ये.

खिडकीशेजारचाच नव्हे, त्या रांगेतला प्रत्येक माणूस एक्झिटचा माणूस धरला जातो. मधल्याला आणि वाटेकडच्यालाही तेच नियम.

५. तेथं पाय लांब करायला एवढी जागा कायले सोडतात?

तुमच्या पायांसाठी नाही. मागून येणाऱ्या शंभर लोकांच्या पायांसाठी. ती जागा म्हणजे वाट आहे, आपण तिच्या काठावर बसलेलो असतो.

यामागे एक वाईट घटना आहे. २२ ऑगस्ट १९८५ ला इंग्लंडात मँचेस्टरच्या धावपट्टीवर एका बोइंग ७३७ विमानाच्या इंजिनाला उड्डाणाआधीच आग लागली. विमान जमिनीवरच होतं, थांबलंही. तरी ५५ माणसं गेली, त्यांतली बहुतेक धुरानं. पंखावरच्या दाराशेजारी बसलेल्या बाईनं गडबडीत दाराच्या मुठीऐवजी सीटचा हात ओढला. शेवटी दार सुटलं ते आत पडलं. वजन साधारण २२ किलो, म्हणजे खताच्या अर्ध्या पोत्याएवढं, आणि ते तिच्या अंगावर. दार मोकळं होईपर्यंत विमान थांबून पाऊण मिनिट गेलं होतं. त्या दाराकडे जायची वाटही अरुंद होती. या अपघातानंतर ब्रिटननं पंखावरच्या दारांसमोर जास्त मोकळी जागा सक्तीची केली.

पाऊण मिनिट म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता देतानाच कसोटी असते की, निम्मी दारं बंद ठेवून भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं झालं पाहिजे. त्यातले ४५ एका दारात गेले तर काय उरतं?

६. मग एक्झिटच्या सीटचे पैसे जास्त का? काम आपणच करायचं आणि पैसेही आपणच द्यायचे?

हा प्रश्न आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी विचारला आणि मी थोडा वेळ गप्पच राहिलो. मुद्दा बिनतोड आहे. कंपनी मोकळी जागा विकते. जबाबदारी त्या जागेला चिकटून येते, पण तिची जाहिरात कुणी करत नाही. पडद्यावर ‘एक्स्ट्रा लेगरूम’ ठळक असतं, आणि ‘मी अटी पूर्ण करतो’ हा चौकोन बारीक.

देशातल्या प्रवासात साध्या सीटला काहीशे रुपये लागतात, तर एक्झिटची सीट हजाराच्या आगेमागे जाते. सणासुदीला त्याहूनही वर. माझं मत विचाराल तर सहा फूट उंचीचा धडधाकट माणूस असेल आणि दिल्ली-बंगळूरूसारखा लांबचा प्रवास असेल, तर घ्या. मुंबईसाठी घेऊ नका.

७. तिथं कोण बसू शकतं आणि कोण नाही?

दार उघडून बाहेर पडता येईल, दुसऱ्याला वाट करून देता येईल आणि सांगितलेलं ऐकू येईल, समजेल, असा माणूस हवा. भारतातल्या कंपन्या साधारणपणे यांना बसू देत नाहीत : १५ वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, वयस्कर माणूस, लहान मूल सोबत असलेला प्रवासी, चालायला, पाहायला किंवा ऐकायला अडचण असलेला, हातापायाला प्लास्टर असलेला, व्हीलचेअर मागितलेला, पट्टा पुरत नाही म्हणून जोडपट्टा लागणारा आणि प्यायलेला.

अमेरिकेच्या नियमातही वय १५ चंच आहे. युरोपातल्या काही कंपन्या १६ मागतात. परदेशी कंपनीचं तिकीट असेल तर तिची अट वाचा.

लोक ‘सोबत मूल’ हा मुद्दा विसरतात. बाप एक्झिटच्या रांगेत आणि चार वर्षांची पोरगी आईजवळ मागच्या रांगेत, हे एका घरानं करून पाहिलं. पोरगी रडली की बाप उठणार. संकटातही तो आधी दाराकडे नाही, पोरीकडे धावणार. धावायलाच पाहिजे. म्हणून त्याला तिथं बसवत नाहीत.

८. बाबाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाय वाकत नाई. तीच सीट चांगली पडन ना?

नाही. ज्यांना त्या जागेची खरी गरज, नेमके तेच तिथं चालत नाहीत. वाईट वाटतं, पण कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

अशा माणसासाठी पहिली रांग पाहा. समोर सीट नसते, भिंत असते. उठता-बसता कुणाच्या पाठीवर हात टेकावा लागत नाही. पाय पूर्ण लांब होत नाही, भिंतीला अडतो, पण गुडघा अवघडत नाही. दोन सीटांमधला हात तिथं बहुधा वर उचलला जात नाही, कारण खाण्याचा ट्रे त्याच्यात घडी करून ठेवलेला असतो. ते परवडत नसेल तर कुठलीही वाटेकडची सीट घ्या, आणि दुखरा पाय वाटेकडे येईल अशी बाजू निवडा. आमचे काका डाव्या गुडघ्याचे. त्यांना उजव्या बाजूची वाटेकडची सीट दिली, कारण पुढे तोंड करून बसल्यावर तिथं वाट डाव्या हाताला येते. हे मी कागदावर सीटा काढून दाखवलं तेव्हा पटलं.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, निदान ४८ तास आधी. चालायला अडचण असलेल्या माणसाला तिचे पैसे लागत नाहीत.

९. मले इंग्रजी येत नाई. हिंदी चालते. बसू देतीन काय?

क्रू ज्या भाषेत सूचना देतो ती समजली म्हणजे झालं. आपल्याकडच्या विमानांत इंग्रजी आणि हिंदी. आपल्या भागात हिंदी न समजणारा माणूस विरळा. पण समजणं आणि ‘हाव हाव’ म्हणून मान डोलावणं यांत फरक आहे. नाही समजलं तर पुन्हा विचारा, त्यात लाज कसली? मराठी सोडून काहीच कळत नसेल तर ती सीट घेऊ नका. यात कुणाचा अपमान नाही. धुरात ‘इकडून नको, तिकडून जा’ असं कुणी ओरडलं तर ते त्याच क्षणी कळायला पाहिजे.

१०. तिथं बसल्यावर ती बाई येऊन काय विचारते? परीक्षा असते का?

परीक्षा नाही. विमान हलायच्या आधी क्रूपैकी कुणीतरी येतं, तुमच्याकडे पाहून सांगतं की ही इमर्जन्सी एक्झिटची रांग आहे, गरज पडली तर मदत कराल का? तोंडानं ‘हो’ म्हणावं लागतं. नुसत्या मानेवर ते भागवत नाहीत. मग दार कसं उघडायचं ते थोडक्यात सांगतात आणि समोरच्या खिशातलं कार्ड वाचायला लावतात.

ते कार्ड वाचा. बहुतेक लोक त्या वेळी घरी शेवटचा फोन लावत असतात. दोन मिनिटांचं चित्र आहे : मूठ कुठं, कुठल्या दिशेला ओढायची, दार आत घ्यायचं की बाहेर टाकायचं. विमानाच्या जातीप्रमाणे हे बदलतं. काहींत झाकण पूर्ण सुटून हातात येतं, काहींत ते बिजागरीवर वर उघडतं. म्हणून मागच्या खेपेचं पाठांतर कामाचं नाही.

११. ऐनवेळी भीती वाटली आणि ‘नाही’ म्हटलं तर उतरवून देतात का?

उतरवत नाहीत, दुसऱ्या सीटवर बसवतात. कारणही द्यावं लागत नाही. अमेरिकेच्या नियमात तर कारण न विचारता जागा बदलून द्यावी, असं स्पष्टच लिहिलेलं आहे. आपल्याकडे क्रू तेच करतो, आणि त्या जागी दुसरा धडधाकट माणूस आणून बसवतो. ‘हो’ म्हणून थरथरत बसण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. पैशाचं काय, ते प्रश्न २० मध्ये.

१२. खरंच वेळ आली तर काय करायचं?

स्वतःच्या मनानं काहीच नाही. विमान पूर्ण थांबलं पाहिजे आणि क्रूचा हुकूम आला पाहिजे. क्रूपैकी कुणी सांगायच्या अवस्थेतच नसेल, तरच स्वतः ठरवायचं. उघडायच्या आधी खिडकीतून बाहेर पाहायचं. आग किंवा धूर असेल तर ते दार उघडायचं नाही, लोकांना दुसरीकडे वळवायचं. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी खिडकीचं झापड वर ठेवायला सांगतात, ते यासाठीच. आणि बॅग घ्यायची नाही. स्वतःची नाही, दुसऱ्याला घेऊ द्यायची नाही.

१३. झोपेत हात लागला आणि हवेत दार उघडलं तर?

उंचावर नाही उघडत. विमानाच्या आतली हवा दाबून ठेवलेली असते, बाहेर विरळ. पंखावरचं झाकण अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास असतं, आणि वर गेल्यावर त्यावर आतून दोन टनांहून जास्त रेटा बसतो. म्हणजे वीस क्विंटल कापूस भरलेली ट्रॉली त्या झाकणाला टेकून उभी आहे असं समजा. ए-३२० चं झाकण आतूनच चौकटीत घट्ट बसतं, त्यामुळे हा रेटा त्याला आणखी दाबून धरतो.

जमिनीजवळ मात्र हा रेटा जवळजवळ उरत नाही. २६ मे २०२३ ला दक्षिण कोरियात उतरायला आलेल्या एका विमानाचं दार एका प्रवाशानं जमिनीपासून दोनशे मीटरवर असताना उघडलं. सगळे वाचले, पण त्या कंपनीनं त्या जातीच्या विमानातली दाराशेजारची सीट विकणंच थांबवलं.

आपल्याकडची गोष्ट सांगतो. २४ जानेवारी २०२३ ला नागपूरहून मुंबईला गेलेलं विमान उतरायच्या बेतात असताना एकानं एक्झिटच्या मुठीवरचं झाकण काढायचा प्रयत्न केला. मुंबईत त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. गंमत म्हणून हात लावणाऱ्यांनी एवढं पुरे समजावं. गुन्हा वेगळा आणि विमानबंदी वेगळी. डीजीसीएच्या नियमात बेशिस्तीचे तीन स्तर आहेत : पहिल्याला तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, दुसऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवाला धोका होईल अशा कृत्याला किमान दोन वर्षं.

कोपर लागल्यानं मात्र काही होत नाही. मुठीवर झाकण असतं ते यासाठीच.

१४. संत्र्याची पिशवी पायाशी ठेवली तर चालन काय?

एक्झिटच्या रांगेत नाही. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायाशी काहीही नको. पर्स नको, शाल नको, संत्री तर नकोच. सगळं वरच्या कप्प्यात. वाटेत गोणी पडली की काय होतं ते बाजार समितीत पाहिलेलं आहे सगळ्यांनी. संत्री पिशवीतून सुटून विमानभर गडगडत गेलेली एकदा मी पाहिली आहेत. रांग साधी होती म्हणून नुसतं हसू झालं.

१५. बेलोऱ्याच्या लहान विमानात एक्झिटची रांग कुठं असते?

ते एटीआर-७२ आहे, पंख्यांचं. पंख छताच्या वर असतो, म्हणून पंखावर उघडणारं दार त्यात नाहीच. प्रवासी मागून चढतात. संकटाची लहान दारं पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंना, पहिल्या रांगेजवळ असतात. त्यामुळे ‘पहिली रांग म्हाताऱ्यांना बरी’ हा प्रश्न ८ मधला सल्ला या विमानात उलटा पडतो. इथं म्हाताऱ्या माणसाला मागची, दाराजवळची सीट द्या. चढायला-उतरायला तीच जवळ. गोंदियाच्या बिरसीहून एटीआरनं जाणाऱ्यांनाही हेच लागू.

१६. एक्झिटच्या रांगेतली सीट मागं होत नाही म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. दोन रांगांपैकी पुढची मागं होत नाही, कारण मागं झाली तर मागच्या दाराची वाट अडते. म्हणजे १२ आणि १३ एक्झिटच्या असतील तर १२ ची पाठ ताठ आणि १३ ची बहुधा कलते. याच कारणानं ११ ची पाठही बऱ्याच विमानांत ताठच असते, आणि तिला जास्त जागाही नाही. पैसे मोजायचेच असतील तर मागची रांग घ्या. आणि खिडकीशी बसाल तर मोजे घालून बसा, दाराशेजारी पाय गारठतात.

१७. अहमदाबादच्या अपघातात ११ ए वाला वाचला. मलेही ११ ए काढून द्या.

१२ जून २०२५ नंतर महिनाभर हा प्रश्न रोज यायचा. त्या विमानातल्या २४२ पैकी एकच माणूस वाचला आणि तो ११ ए वर होता, हे खरं. पण ते बोइंग ७८७ होतं, आणि त्यात ११ ए दाराला लागून होती. नागपूर-मुंबईच्या ए-३२० मध्ये ११ ए म्हणजे प्रश्न १६ मधली ती ताठ पाठीची सीट. दार तिच्याशेजारी नाही. नंबर तोच, जागा वेगळी. मी काढून देतो, ग्राहक देव आहे, पण आधी हे सांगतो.

१८. सीटचे पैसे नाही भरले तर लेकरं एकीकडे आणि आम्ही एकीकडे बसवतीन?

१२ वर्षांपर्यंतच्या मुलाला, एकाच पीएनआरवर असलेल्या आई-बापापैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी बसवावं, असा आदेश डीजीसीएनं एप्रिल २०२४ मध्ये दिला आहे. ‘एकाच पीएनआरवर’ हे शब्द महत्त्वाचे. स्वस्त पडतं म्हणून दोघांचं तिकीट आज आणि लेकराचं उद्या काढलं की हा आधार गेला. सगळ्यांचं एकदम काढा.

निदान एक, असं म्हटलं आहे. म्हणजे आई आणि मूल शेजारी, बाप आठ रांगा मागे, हे नियमात बसतं.

१९. वजनदार माणसाला दोन सीटा घेता येतात? आणि भजनी मंडळाची पेटी सीटवर नेता येते?

दोन्ही गोष्टी होतात, काही कंपन्यांत. स्वतःसाठी दुसरी सीट तिकीट काढतानाच घ्यायची असते. ती निवडीच्या सीटसारखी शे-दोनशेत मिळत नाही, तिचं वेगळं भाडं पडतं. दोन्ही सीटा शेजारी आणि एकाच नावावर आहेत ना, हे फोन करून पक्कं करा. नाहीतर यंत्र एक १४ मध्ये टाकतं आणि एक २२ मध्ये. जोडपट्टा क्रूकडे मागितला की मिळतो.

पेटीचं असं की हातातल्या सामानाची मर्यादा साधारण ७ किलो. चांगली पेटी त्यात बसत नाही. मोझरीला जाणाऱ्या आमच्या मंडळींनी एकदा पेटीसाठी सीट घेतली होती. तिला खिडकीशी बसवून पट्टा बांधला आणि सगळ्यांनी फोटो काढले. पण अशी सीट एक्झिटच्या रांगेत कधीच मिळत नाही. दोन सीटा घेणाऱ्यालाही जोडपट्टा लागत असेल तर ती रांग बंदच. खंजिऱ्या हातातल्या बॅगेत जातात, त्यांना भाडं नको.

२०. एक्झिटचे पैसे भरले आणि विमानतळावर दुसरीकडे बसवलं. पैसे परत मिळतात?

का हलवलं, त्यावर आहे. कंपनीनं विमान बदललं, रांग बदलली, तुमची काही चूक नाही, तर सीटचे पैसे परत मागा, मिळायला पाहिजेत. पण तुम्ही अटीतच बसत नव्हता आणि तरी तो बारीक चौकोन टिचकावला होता, तर बहुतेक कंपन्यांच्या अटींप्रमाणे पैसे गेले. ऐनवेळी ‘नाही’ म्हणणाराही बहुधा याच खात्यात जमा होतो.

हे मी पदरचे पैसे घालून शिकलो. एका गिऱ्हाइकाच्या आईसाठी मीच घाईत १२ ची सीट काढली. ‘जागा जास्त आहे, मावशीला बरं’ एवढाच विचार. मावशी सत्तरीच्या, हातात काठी. नागपूरला काउंटरवरच त्यांना २३ मध्ये टाकलं. कंपनीला तीन मेल केले, तिन्हींना एकच उत्तर. त्यांचे पैसे मी माझ्या गल्ल्यातून दिले. तेव्हापासून एक्झिटच्या सीटवर बोट ठेवायच्या आधी मी प्रवाशाचं वय विचारतो.

२१. कंपनी दाद देत नसेल तर कुठं जायचं?

आधी कंपनीला लेखी कळवा आणि तक्रारीचा नंबर घ्या. मग केंद्र सरकारचं एअरसेवा हे पोर्टल आहे, तिथं तो नंबर टाकून तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोनही लागतो. सीट निवडल्याचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती आणि दोन्ही बोर्डिंग पास, म्हणजे दिलेला आणि बदललेला, जपून ठेवा. लोक बोर्डिंग पास उतरल्या उतरल्या फेकतात, आणि महिन्यानं माझ्याकडे येतात.

२२. विमान उडाल्यावर एक्झिटची रांग रिकामी दिसली. उठून बसलं तर?

क्रूला विचारल्याशिवाय नाही. तिथं बसणाऱ्याला उड्डाणाआधी सूचना द्यायच्या असतात आणि त्या तुम्हाला मिळालेल्या नाहीत. शिवाय ती विकायची सीट आहे. काही क्रू पैसे घेऊन बसू देतात, काही सरळ नाही म्हणतात.

२३. सीट पोराच्या नावावर आहे. तो धडधाकट हाय. विमानात गेल्यावर त्याच्या जागी मायले बसवलं, कोणाले समजते?

समजतं. क्रू दारं बंद व्हायच्या आधी त्या रांगेतल्या प्रत्येकाकडे येतो, हे प्रश्न १० मध्ये सांगितलं आहे. मायला तिथून उठवतील, आणि भरल्या विमानात म्हाताऱ्या बाईला सगळ्यांच्या देखत उठायला लावणं वाईट दिसतं.

पोराची साधी वाटेकडची सीट मायला देता येते. फक्त क्रूला विचारून, आणि विमान हलायच्या आधी. एक्झिटची सीट मात्र ज्यानं ‘हो’ म्हटलं त्याचीच. तो संडासला गेला तरी शेजारच्यानं सरकून तिथं बसायचं नाही.